संमतीचे मोल

जनगणनेच्या प्रश्नांना उत्तर देणे १९४८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे तसे नाही. १९९२-९३ पासून होत आलेल्या या सर्वेक्षणाचे समन्वयन मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. प्रश्नांपूर्वी संमतीपत्र वाचून दाखवले जाते: सहभाग ऐच्छिक आहे, नको त्या प्रश्नाचे उत्तर टाळता येईल, मुलाखत मध्येच थांबवता येईल. २०१९ साली पाचव्या फेरीत आमचे घर निवडले गेले, तेव्हा मी विचारासाठी दोन दिवस मागून घेतले.

माझी अडचण गोपनीयतेपेक्षा भाषेची अधिक होती. विवाह, अपत्ये, घरातील निर्णय यांविषयीच्या उत्तरांचे सांकेतिक क्रमांक होणार. अनुभवाची संदिग्धता जपावी, असे वर्गात शिकवणाऱ्या माणसाला हे रूपांतर खटकणारच. शिवाय नकाराचा अधिकार दिलेला असताना तो वापरण्यात गैर ते काय?

त्या दोन दिवसांत एक गोष्ट उमगली. निवडलेल्या घराने नकार दिला, तर त्याऐवजी शेजारचे घर घेतले जात नाही. ती जागा रिकामीच राहते. आणि नकार देण्याची सोय सर्वांना सारखी नसते. फाटकावर पहारेकरी असलेल्यांना ती सहज लाभते. असे दरवाजे बंद होत गेले, तर देशाचे चित्र एका बाजूला कलते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. पतीकडून होणाऱ्या हिंसेविषयीचे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला, आणि एकांत मिळाला तरच, विचारले जातात. पुढे या फेरीचे निष्कर्ष आले. विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी अशी हिंसा सोसल्याचे सांगितले होते. हिंसा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी त्याविषयी कधी कोणाला सांगितले नव्हते, मदतही मागितली नव्हती. आईला, बहिणीला जे सांगता आले नाही, ते त्यांनी एका अनोळखी बाईच्या 'होय की नाही' या प्रश्नाला सांगितले. ज्या साच्याला मी आक्षेप घेत होते, त्याच साच्याने त्यांना बोलण्यापुरती जागा दिली होती.

मी संमती दिली. दोन प्रश्नांची उत्तरे मात्र दिली नाहीत. तेही संमतीतच बसत होते.