कान पिळणाऱ्याच्या घरात

उदारमतवादावरच्या एका परिषदेत चीन, भारत, ब्राझील ही नावं पुन्हा पुन्हा येत राहिली. उद्याच्या महासत्ता उदारमतवादाचं काय करतील, यावर माणसं तळमळीनं बोलली. मला मात्र तेव्हापासून एकाच म्हणीनं धरून ठेवलं आहे : बळी तो कान पिळी.

ही म्हण मी नेहमी ज्याचा कान पिळला गेला त्याच्याच तोंडून ऐकली आहे. भावकीतल्या कुणी बांध कोरला, वहिवाटीची वाट नांगरून टाकली, तलाठ्याकडे हेलपाटे घालून माणूस थकला, की ओट्यावर बसून एक सुस्कारा आणि मग ही म्हण. तिच्यात तक्रार आहे, पण त्याहून जास्त कबुली आहे. जग असंच चालायचं, अशी. ती कबुली मला खुपते. ज्याच्या चिमटीत कान असतो तो ही म्हण कधी वापरत नाही. तो सुव्यवस्था, सुधारणा, व्यापार, विकास असं काही बोलतो. अपवाद अथेन्सचा. इ.स.पू. 416 मध्ये मेलोस या लहानशा बेटाला अथेन्सच्या दूतांनी हेच तोंडावर सांगितलं, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसनं नोंदवलं आहे. बेट पडलं, पुरुष मारले गेले, बायका-मुलं गुलाम झाली. अथेन्समध्ये तेव्हा लोकशाही होती.

घरात स्वातंत्र्य, बाहेर बळजोरी : उदारमतवादी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचंही तसंच. 1859 मध्ये ‘ऑन लिबर्टी’ लिहिणारा हा माणूस त्याआधी 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, आणि मागासलेल्या समाजांना एकतंत्री राज्य चालेल, असं त्यानं त्याच पुस्तकात म्हटलं. तरीही आपल्या सुधारक आगरकरांना बळ मिळालं ते मिल आणि स्पेन्सर यांच्याकडूनच. ती शिदोरी आपण परत करायची का? मला करवत नाही.

आणि मग अफू. इथून मला बाहेर पडता येत नाही. चिनी अधिकारी लिन झशूनं 1839 मध्ये वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. ब्रिटननं युद्ध पुकारलं, 1842 मध्ये हाँगकाँग घेतलं, आणि हे सगळं व्यापाराच्या स्वातंत्र्याचं नाव घेत. ती अफू केवळ बंगालची नव्हती. माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून जात होती. मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कँटनच्या त्या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्याच दानातून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. तिथं गेली पावणेदोनशे वर्षं गोरगरीब बरे होत आले आहेत. जमशेटजींना म्हणीतली कोणती जागा द्यायची? त्यांनी स्वतः कुणाचा कान धरला नव्हता. पिळणारा हात मात्र त्यांच्या मालासाठी पुढे झाला होता. दादाभाई नौरोजी लंडनच्या कामा कंपनीत भागीदार होते. अफू-दारूचा नफा पटेना म्हणून ते बाहेर पडले. रुग्णालय एका पारड्यात आणि हा राजीनामा दुसऱ्या पारड्यात टाकून मी पाहतो. काटा स्थिर होत नाही.

मला वाटू लागलं होतं, की उदारमतवादी म्हणजे बळीच्या घरातला तो माणूस, जो आपल्याच भावाचा हात धरतो. चिनी लेखक लिऊ शियाओबो तसा होता. लोकशाही मागणाऱ्या ‘चार्टर 08’ या जाहीरनाम्यासाठी त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली, 2010 मध्ये नोबेल मिळालं, 2017 मध्ये कोठडीतच कर्करोगानं तो गेला. पण घरच्यांनी ऐकलं नाही, तर त्या हात धरण्याला काय अर्थ उरतो? आता आपलंही घर मोठं होतं आहे. उद्या एखाद्या लहान शेजाऱ्याचा कान आपल्या चिमटीत असताना कुणी आपला हात धरला, तर आपण त्याला घरचा म्हणू का? मला खात्री देता येत नाही.

ब्रिटनच्या घरात असाच एकदा हात धरला गेला. गरिबाची भाकरी स्वस्त व्हावी म्हणून धान्यावरच्या आयात करांविरुद्ध रान उठवणाऱ्या रिचर्ड कॉब्डेननं फेब्रुवारी 1857 मध्ये चीनवरच्या दुसऱ्या युद्धाविरुद्ध पार्लमेंटात ठराव आणला. तो मार्चमध्ये मंजूर झाला. पंतप्रधान पामर्स्टननं निवडणूक घेतली आणि ती जिंकली. कॉब्डेन पडला, त्याचा सहकारी जॉन ब्राइटही पडला. युद्ध 1860 पर्यंत चाललं.