पेटीत न पडलेले पोस्टकार्ड

२०१९ साली आमची मुलगी पाचवीत होती. एका रात्री चाळीच्या गच्चीवर तिने विचारले, "पप्पा, त्या ताऱ्यांकडं कुणी राहतं का?" आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. उत्तर कुठून देणार? पण डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना, "पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून देईन," असे सांगत, हे ठाऊक होते. तिने लगेच कार्ड लिहून आमच्या हाती दिले.

ते कार्ड आम्ही पेटीत टाकलेच नाही. केंब्रिजला शिकलेला एवढा मोठा माणूस आपल्या चाळीतल्या पोरीला कशाला उत्तर देईल, असे वाटले. कार्ड खणात पडून राहिले.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. मुलीने विचारले, "माझ्या कार्डाचं काय झालं?" आमची मान खाली गेली.

मग आम्ही तिच्यासोबत वाचायला बसलो. जीवनाचे बी अंतराळातून पृथ्वीवर येत असावे, असे नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल मांडत. ते पडताळायला २००१ साली इस्रोच्या साहाय्याने हैदराबादहून मोठा फुगा सोडला गेला. निर्जंतुक पोलादी नळ्यांत ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणली. २००५ मध्ये प्रयोग पुन्हा झाला. २००९ साली निकाल आला: जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉईल यांचे, एकीला आर्यभटाचे नाव मिळाले.

गुरूचे म्हणणे खरे ठरावे असे कोणत्या शिष्याला वाटणार नाही? तरीही निष्कर्षात स्पष्ट लिहिले गेले, की हे जिवाणू पृथ्वीबाहेरूनच आले असे सिद्ध झालेले नाही. शोध पुढे चालू ठेवावा. हाती पुरावा असेल तेवढेच बोलायचे. हेच ज्ञान नारळीकर सोप्या मराठीत तुमच्याआमच्या मुलांपर्यंत नेत राहिले. त्यांनी उभारलेल्या पुण्याच्या 'आयुका'त शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली, ती याच तळमळीने.

मायबापहो, त्यांनी दार उघडेच ठेवले होते. आमच्या मुलीत बुद्धी कमी नव्हती, बापात हिंमत कमी होती. 'आपल्याला कोण विचारतो' हा आपला जुना न्यूनगंड आम्ही नकळत तिच्या ओंजळीत टाकला.

परवा आम्ही तिला नवे कार्ड आणून दिले. प्रश्न तोच आहे, पत्ता 'आयुका'चा. पेटीत टाकायला मात्र ती स्वतः गेली.