दुसऱ्या डिस्कनेही मान टाकली

ऑफिसच्या नॅसवरचा (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीवरचा) टॅलीचा हिशेबाचा डेटा आज परत आला. जीव भांड्यात पडला. एक डिस्क गेली तरी रेड ५ (अनेक डिस्क एकत्र जोडणारी रचना) चालू राहतो, हे खरं. पण नवी डिस्क घातली की उरलेल्या सगळ्या सलग वाचल्या जातात. आमच्या नॅसमधली एक डिस्क गेली, ती बदलली आणि त्याच ताणात दुसऱ्या डिस्कनेही मान टाकली. रिकव्हरीवाल्या पोराने (शांत डोक्याचा!) आधी डिस्कवर क्रमांक टाकले, प्रत्येकीची सेक्टरवार प्रत काढली, मग त्या प्रतींवरच काम केलं. जुनी स्कॅन केलेली बिलं मात्र गेली ती गेलीच. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. खोडलेली फाइल तो तितक्याच इमानाने खोडतो. तुमच्या हिशेबाची एक प्रत ऑफिसबाहेर आहे का, आजच बघा.