पळसाचे मधले पान

शीत प्रदेशांतील लेखक शरदाचे जे वर्णन करतात, त्यात हरितद्रव्य विरून पाने प्रथम पिवळी आणि मग तांबडी होतात, वाऱ्याने गळून पडतात, आणि तेथील मुले ती वेचून वहीत दाबतात, नाहीतर त्यांच्या माळा ओवतात. आमच्या मुरगूडकडे आश्विन-कार्तिकात यांपैकी काहीच घडत नाही. येथे पानगळीचा मान शिशिराचा. शरदात झाडे पानांनी गच्च भरलेली असतात, आणि श्रावणात हाताळताच चुरगळणारे, पाण्याने फुगलेले तेच पान आता ऊन खाऊन चिवट झालेले असते. म्हणून पानांचे जे कसब आम्हांस वंशपरंपरेने ठाऊक आहे, ते गळलेल्या पानाचे नसून जून झालेल्या, परंतु देठ न सोडलेल्या पानाचे आहे. पत्रावळी आणि द्रोण लावण्याचे आहे.

घट उठले, दसरा पार पडला, की मी सकाळी पाठीला गोणपाट टाकून बाहेर पडतो. वेदगंगेच्या काठाने जावे तो मळीच्या रानांत भुईमुगाची काढणी चालू असते, भात पिवळे पडू लागलेले असते, उसाने मात्र माणसाची उंची केव्हाच ओलांडलेली असते. बंधाऱ्यावर बरगे घालण्याची बोलणी ऐकू येतात. कागलच्या घाटगे जहागिरीची आठवण नावातच वागविणारा सर पिराजीराव तलाव याच सुमारास काठोकाठ असतो आणि तेथे क्षणभर टेकल्यावाचून माझे पाऊल पुढे पडत नाही. पाणी आणि ऊस यांच्या राज्यात पळसाला स्थान नाही. तो भेटतो तो माळावर, बांधाच्या कडेला, जेथे कोणी नांगर घातला नाही अशा मुरमाड जमिनीत.

पळसाला पाने तीनच, हे सर्वांच्या तोंडी असते. पण ती तीन एकसारखी नसतात, ही गोष्ट ज्याने सुया-चोया हाताळल्या त्यालाच ठाऊक. मधले पान मोठे आणि दोन्ही अंगांनी समतोल. बाजूची दोन बुडाशी तिरपी, एक डावीकडे कललेले, दुसरे उजवीकडे. गोणपाटात सगळी एकत्र कोंबणाऱ्याला संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांची निवड करण्यात पुन्हा तितकाच वेळ घालवावा लागतो. म्हणून झाडापाशीच मधली, डावी आणि उजवी अशा तीन गड्ड्या लावण्याचा आमच्या घरचा दस्तूर आहे. थोरल्या आत्याने मला पहिला धडा झाडाखालीच दिला : “तोडायच्या आधी वाकवून बघ रं. कडकड करंल ते न्हाई घ्यायचं, आन् लुळं पडंल ते बी न्हाई.” तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण पानाच्या परीक्षेत तिच्या निकालावर अपील नसे.

‘पत्रावळीआधी द्रोणा, तो जावई शहाणा’ ही म्हण याच ज्ञानाची सनद आहे. सासुरवाडीत जावयापुढे पानांचा ढीग टाकून त्याची पारख करावी, आणि त्याने आधी अखंड, मोठी, बिनछिद्राची पाने काढून द्रोण लावून घ्यावेत, मग उरल्या-सुरल्या, किडीने टोचलेल्या पानांची पत्रावळ जुळवावी, असा तिचा आशय. पत्रावळीत पान पानावर येते, एकाचे भोक दुसऱ्याने झाकते. द्रोणाला ती सवड नाही. जो आधी पत्रावळीच लावीत सुटतो, त्याची मधली पाने भलत्याच जागी खर्ची पडतात. म्हणूनच माझ्या मते हे काम हातापेक्षा पायांचे अधिक आहे : माळावरच्या फेरीत जे निवडले गेले, त्याच्यापलीकडे कोणत्याही बोटांची मजल जात नाही.

प्रत्यक्ष लावणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाने सावलीत किंचित मलूल होऊ द्यावी, गुळगुळीत अंग वर ठेवावे, मध्ये एक पान धरून भोवती डावी-उजवी फिरवीत कळकाच्या चोयीने टाके घालावे, आणि तयार गड्डीवर दगडाचे वजन ठेवावे. वडाची पानेही चालतात, पण ताजी असताना त्यांचा चीक बोटांना बसतो आणि टाका घसरतो.

१९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त ज्या बलुतेदारीचा तपशील नोंदविला, तीत देवाला बेल आणि गावाला पत्रावळी पुरविण्याचे काम गुरवाकडे असे, व त्याबद्दल खळ्यावर त्याचा धान्याचा हक्क असे. ती व्यवस्था मोडली याचे मला दुःख नाही. हक्काच्या आड पुष्कळ लाचारीही होती. दुःख आहे ते दसऱ्याच्या बाजाराचे. कौत्साच्या गुरुदक्षिणेची कथा सांगत आपण आपटा फांद्यांसकट ओरबाडतो, आणि पुष्कळदा तर आपटा म्हणून कांचनाचीच पाने पदरात पाडून घेतो. पानावर पोट असणारा माणूस झाडाचा शेंडा मोडत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला त्याच झाडापाशी यायचे असते.

२०१८ साली सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, तेव्हा आमच्या धंद्याला बरे दिवस येतील असे अनेकांनी सांगितले. मागणी थोडी वाढली खरी. पण तिच्याबरोबर यंत्रावर दाबलेल्या, हिरवा रंग छापलेल्या आणि आतून चकचकीत पापुद्रा चिकटविलेल्या कागदी पत्रावळीही आल्या. पानाचे चित्र काढून पान म्हणून विकणे ही मला शुद्ध लबाडी वाटते. त्या उष्ट्या पत्रावळी गुरांपुढे टाकण्याची सोय नाही, आणि उकिरड्यावर कुजण्याचेही त्या नाव घेत नाहीत.

तुळशीची लग्ने लागली की माणसांच्या लग्नांची मागणी सुरू होते. विचारपूस करणाऱ्याला मी आधी जेवण कसले ते विचारतो. वरण-भाताच्या पंक्तीला एकेरी द्रोण पुरतो. पण जत्रेचे, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण असेल, तर पातळ कढत रस्सा एकेरी द्रोणातून पाझरतो, तेव्हा द्रोण दुपदरी लावावा लागतो. त्यासाठी मधली पाने दुप्पट लागतात, माळावर फेराही दुप्पट होतो, आणि भाव त्याप्रमाणे पडतो, हे मी इसार घेतानाच सांगून टाकतो.