फॉर्स्टरच्या गावाला जा

॥ श्री ॥

सांगली,
आषाढ वद्य षष्ठी

चि. सौ. सुनंदा हिस नानाकाकांचे अनेक आशीर्वाद.

विशेष. तुझे पत्र काल दुपारच्या टपालाने पोहोचले. मीनाची प्रकृती उत्तम आहे, आणि तू पितृपंधरवड्यातच निघून तिच्या बाळंतपणापूर्वी पंधरा दिवस तिच्याजवळ असशील, हे वाचून जिवाला स्वस्थता वाटली. परंतु फ्रांकफुर्टच्या विमानतळावर सकाळपासून दहा तास काढायचे आहेत, तर हायडेलबर्गचा किल्ला, ऱ्हाइन नदीवरची नौका की फ्रांकफुर्टचा जुना चौक पाहावा, असे मला विचारून झाल्यावर पत्राच्या शेवटी तू सहज जे लिहून गेलीस, ‘नाहीतर खुर्चीतच बसून राहीन, त्या मुलखात आपले कोण आहे?’, त्या एका वाक्याने मला रात्री झोप येऊ दिली नाही. दुसऱ्या कोणी ते लिहिले असते तर मी मनावर घेतले नसते. पण ज्या घरात काळ्यांची शाकुंतलाची प्रत देवघराशेजारच्या फडताळात असे, आणि ती काढण्यापूर्वी दादा हात धुऊन येत असे, त्या घरातल्या मुलीने असे लिहावे याचे मला फार वाईट वाटले, आणि ते तुला सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

प्रश्नाचा निकाल आधी देतो, म्हणजे पुढची कारणमीमांसा तुला निवांतपणे वाचता येईल. माइन्झला जा, आणि फक्त माइन्झलाच जा.

गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला, असे आपणां सर्वांना शाळेत सांगितले जाते. दादाच्या स्मृतिसभेत तूही ती गोष्ट सांगितलीस; सभागृहाने टाळ्या दिल्या, आणि प्रसंग तसा असल्यामुळे मी गप्प राहिलो. पण ही दंतकथा दादा स्वतः वर्गात कधी सांगत नसे. तो सांगत असे ती हकीकत निराळी होती. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८९ साली शाकुंतल इंग्रजीत आणले. ते पुस्तक समुद्रमार्गे विलायतेस गेले, आणि तेथून माइन्झच्या विद्यापीठातील एका ग्रंथपालाच्या हाती पडले. या ग्रंथपालाचे नाव गेओर्ग फॉर्स्टर. सतरा वर्षांचा असता बापाबरोबर तो कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला होता, १७७२ पासून १७७५ पर्यंत दक्षिण समुद्रातील बेटे आणि बर्फाचे डोंगर पाहून परतला होता, आणि त्या सफरीचा वृत्तांत लिहून तरुण वयातच युरोपभर नावारूपाला आला होता. संस्कृत त्याला अवगत नव्हते, हिंदुस्थानचा किनारा त्याने पाहिलेला नव्हता. परंतु कण्वाच्या आश्रमातून निघालेली ती मुलगी जोन्सच्या इंग्रजीतून भेटताच तिला आपल्या भाषेत आणल्यावाचून त्याला चैन पडेना. त्याचे शाकुंतल १७९१ साली छापून निघाले, आणि त्याच्या शीर्षपृष्ठावर लाइप्झिगच्या जोडीला माइन्झचे नाव आहे. ते हेर्डरने वाचले, गटेने वाचले. त्याच वर्षी गटेने शकुंतलेवर त्या सुप्रसिद्ध चार ओळी लिहिल्या, आणि पुढे ‘फाउस्ट’च्या आरंभी रंगभूमीवरचा जो प्रवेश त्याने योजला, त्याची कल्पना आपल्या सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून त्याला सुचली असावी असे जाणकार मानतात. जोन्स आपल्याला ठाऊक, गटे तर पाठच. आणि ज्याने एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या हातापर्यंत नेले, त्याच्या नावाची आपल्या पुण्या-सांगलीत कोणी आठवणही काढू नये, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. गेली कित्येक वर्षे मी भेटेल त्याला हे सांगत आलो आहे, आणि आता तू त्याच्या दारावरून जाणार असता तुला न सांगितले तर दादाला काय तोंड दाखवू?

पुढची कहाणी ऐक, कारण तू जाशील तेव्हा तुला ती ठाऊक असावी. ऑक्टोबर १७९२ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजा माइन्झमध्ये शिरल्या, आणि आजवर सरंजामी आर्चबिशपच्या चाकरीत असलेला हा ग्रंथपाल उघडपणे क्रांतीच्या बाजूस गेला. मार्च १७९३ मध्ये तेथे प्रजासत्ताक जाहीर झाले. ते ज्या वाड्यात जाहीर झाले तो डॉइचहाउस नदीकाठी आजही उभा आहे आणि त्या प्रांताची विधानसभा तेथेच भरते. त्या प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून फॉर्स्टर पॅरिसला गेला. त्याच्या पाठीमागे प्रशियाच्या व ऑस्ट्रियाच्या फौजांनी शहराला वेढा घालून जुलैत ते काबीज केले. आणि परतीचा रस्ता कायमचा बंद झालेला हा मनुष्य जानेवारी १७९४ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी, परक्या गावी वारला. शहराला वेढा पडला तेव्हा बाहेरच्या छावणीत वाइमारच्या ड्यूकच्या लवाजम्यात गटे हजर होता. ज्याने शकुंतला दिली त्याच्या गावावर तोफा चालताना ज्याने ती घेतली त्याने पाहिल्या, हा विचार मनात आला म्हणजे आजही मी बेचैन होतो.

सुनंदा, आपला कोण आणि परका कोण याचा निवाडा आपण फार संकुचित दप्तर चाळून करतो. परदेशी गेलेली आपली माणसे एका मराठी घरातून निघून दुसऱ्या मराठी घरात उतरतात, तेथले पोहे खातात, तेथल्या दिवाणखान्यात गणपतीची आरती म्हणतात आणि परत येऊन सांगतात की सगळे अगदी आपल्यासारखेच आहे. त्यात वाईट काही नाही, मीनाच्या घरी तूही तेच करशील आणि करावेस. पण अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले त्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी, आपली लिपी न येणाऱ्या ज्या माणसाने आपली मुलगी स्वतःच्या घरी नेऊन आदराने वाढवली, तो आप्त नव्हे तर कोण? पितृपंधरवड्यात प्रवास नको म्हणून तुझ्या सासूबाईंनी हरकत घेतल्याचे तू लिहिले आहेस. त्यांच्या भावनेचा मान ठेव; मात्र माझ्या मते ऋणाची आठवण काढण्याचे हेच दिवस आहेत, आणि ऋण केवळ गोत्रातल्यांचेच असते असे शास्त्रानेही म्हटलेले नाही.

हायडेलबर्गचा मोह मला कळतो. तेथील दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर शिकवीत असत, आणि खंडोबा, म्हसकोबा, बिरोबा यांच्या मागे धनगरांबरोबर वणवण फिरून त्यांनी जे लिहिले, ते पुष्कळ मराठी पंडितांनी त्यांच्या आधी लिहावयास हवे होते. १९९२ साली ते गेले तेव्हा दादा दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. तेव्हा तेथेही आपले माणूस होते, हे मी नाकारीत नाही. परंतु हायडेलबर्गला जायचे म्हणजे बहुधा मानहाइमला गाडी बदलावी लागते, आणि जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाविषयी आपण लहानपणी जे ऐकले ते आता विसर. २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी अवघ्या ६२.५ टक्के वेळेवर धावल्या, असे त्यांच्या रेल्वेनेच जाहीर केले. एक गाडी चुकली की दुसरी, आणि दुसरी चुकली की विमान. नौकेचा विचार तर सोडूनच दे. फ्रांकफुर्ट जवळ आहे, गटेचे जन्मघर तेथेच आहे. १९४४ साली २२ मार्चला, म्हणजे नेमक्या त्याच्या पुण्यतिथीला, बॉम्बवर्षावात ते जमीनदोस्त झाले आणि युद्धानंतर जसेच्या तसे उभारले गेले. ते घर पाहण्यासारखे आहे. पण ते पाहायला सारे जग जाते. फॉर्स्टरकडे कोण जाते?

आणि तुझे दहा तास हे दहा तास नव्हेत, हेही नीट समजून घे. विमानातून उतरून पारपत्राच्या खिडकीपर्यंतची रांग, परतल्यावर पुन्हा तपासणी, त्यातून अमेरिकेच्या विमानाला तर वेगळे सवालजबाब; तीन तास आधी तू परत विमानतळावर असलीच पाहिजेस. हिशेब केलास तर माइन्झच्या वाट्याला साडेचार-पाच तास उरतात. एवढ्या वेळात तीन गावे पाहणारा मनुष्य तीन रेल्वेस्थानके पाहतो.

विमानतळाच्या खालीच स्थानिक गाड्यांचे स्थानक आहे. आता हे नीट वाच आणि वेगळ्या कागदावर उतरून घे. माइन्झला जाणाऱ्या गाडीवर विस्बाडेन अशी पाटी असते, कारण तिचा शेवटचा मुक्काम ते गाव. पण विस्बाडेनला दोन गाड्या जातात, एस ८ आणि एस ९. तू एस ८ मध्येच बसायचे. एस ९ नदीच्या पलीकडच्या तीरावरून कास्टेलमार्गे निघून जाते आणि माइन्झच्या स्थानकाला शिवतच नाही. एस ८ ने अर्ध्या तासाच्या आत तू पोहोचशील. मुख्य स्थानकापर्यंत न जाता त्याच्या आधीच्या, रोमन नाट्यगृहाच्या नावाच्या स्थानकावर उतर. नाट्यगृहाचे अवशेष रुळांना लागूनच आहेत, आणि कालिदासाच्या माणसाला भेटायला निघालेल्या बाईने नाट्यगृहाशी उतरावे हे मला योग्य वाटते. तिकीट गाडीत बसण्यापूर्वी यंत्रातून घ्यायचे. तेथे फाटकावर कोणी अडवीत नाही, म्हणून माणसे गाफील राहतात, आणि विनातिकीट सापडल्यास साठ युरो दंड होतो.

तेथून टेकडीवरच्या संत स्टेफानच्या चर्चमध्ये जा. चढ आहे, तुझा डावा गुडघा मी विसरलेलो नाही, म्हणून सावकाश जा, घाई करण्यासारखे काही नाही. हे चर्च दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले होते. व्हितेब्स्कच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, १९४१ साली नाझींच्या भीतीने फ्रान्स सोडून अमेरिकेत आश्रय घ्यावा लागलेला चित्रकार मार्क शागाल याने वयाची नव्वदी ओलांडल्यावर त्या चर्चसाठी काचेच्या खिडक्या करावयास घेतल्या. पहिली १९७८ साली बसली, आणि १९८५ मध्ये तो वारला त्याच वर्षी अखेरच्या पूर्ण झाल्या. आत निळा प्रकाश असतो. त्याचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी आपल्या लोकांचा संहार केला त्यांच्या देवळात एका वृद्धाने आयुष्याच्या शेवटी हा उजेड पाठवावा, यावर बाकावर बसून थोडा वेळ विचार कर, आणि तेथेच गुडघ्यालाही विश्रांती दे.

मग उतरून कॅथीड्रलच्या चौकात ये. आर्चबिशप विलिगिसने दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधावयास घेतले आणि १००९ साली अभिषेकाच्या सुमुहूर्तावरच ते आगीत सापडले, तरी त्या लोकांनी पुन्हा बांधले. तू शुक्रवारी उतरणार, आणि शुक्रवार हा तेथील बाजाराचा वार आहे. फळे, पाव, फुले सारे चौकातच मिळेल. तुला चालेल असा एक पदार्थ तेथे मिळतो, श्पुंडेकेस नावाचा, आपल्या चक्क्यासारखा पण तिखटमिठाचा, त्याबरोबर खारवलेला पाव खातात. त्यात मांस नसते, तरी विचारून घे. गुटेनबर्ग याच गावचा. त्याचे बायबल १४५५ च्या सुमारास येथे छापले गेले, आणि त्यानंतर शंभर वर्षांनी, १५५६ मध्ये, छापखान्याची कला आपल्या गोव्यात उतरली. त्याच्या नावाच्या संग्रहालयाची वास्तू नव्याने बांधली जात असल्याने संग्रह सध्या कोठे मांडला आहे याची आधी चौकशी करून ठेव. वेळ अपुरा पडला तर संग्रहालय सोड. नदीकाठी जाऊन डॉइचहाउससमोर उभी राहिल्यावाचून मात्र परतू नकोस, आणि तेथे दादाची आठवण काढ.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त काळजी लागली आहे ती. तू पत्रात एवढेच लिहिले आहेस की अमेरिकेचा व्हिसा झाला. तो व्हिसा असला म्हणून जर्मनीत विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी शेंगेनचा स्वतंत्र परवाना लागतो, आणि तो मिळाला नाही तर मी वर लिहिलेले सारे व्यर्थ आहे. अर्ज प्रवासाच्या कमीत कमी पंधरा दिवस आधी झालाच पाहिजे, पण ती शेवटची मुदत झाली. अर्ज देण्याची वेळच कित्येकदा आठवडेच्या आठवडे मिळत नाही. शुल्क नव्वद युरो आहे. प्रवासात आजारी पडल्यास तीस हजार युरोपर्यंतचा खर्च देणारा विमा काढल्याचा दाखला जोडावा लागतो. तुझे वय आणि रक्तदाब पाहता तो विमा मी एरवीही काढायला लावलाच असता. पुढच्या विमानाच्या तिकिटाची प्रत जोड. वसंताला हे काम सांगू नकोस. गेल्या वेळी काय झाले ते तुला आठवत असेलच. तू स्वतः या आठवड्यात अर्ज भर आणि तारीख मिळाली की मला दूरध्वनी कर, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल. डिंकाच्या लाडवांचा डबा मोठ्या पेटीत ठेव, ती थेट मीनाच्या गावी जाते की नाही हे मुंबईला खिडकीवरच विचार, आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र खांद्यावरच्या पिशवीत असू देत, पेटीत नकोत.

मीनास आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंस माझा साष्टांग नमस्कार सांग.

कळावे,
तुझा
नानाकाका