गोठलेला संगणक आणि एका आजींची साक्ष

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संस्थेचे पत्र आले तेव्हा आमच्याकडून इतिहासविषयक लेखाचीच अपेक्षा असावी. हा लेखही एका परीने इतिहासाविषयीच आहे. मात्र त्याचा बराचसा भाग आमच्या घरातील एका जुन्या संगणकाच्या दुखण्याने व्यापलेला आहे. तांत्रिक तपशील थोडा सविस्तर दिला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेच एखादे जुने यंत्र असेल आणि त्यात काही मोलाचे साठवलेले असेल, हे त्याचे कारण.

गेली दोन वर्षे आम्ही एक लहानसे काम हाती घेतले आहे. वसतिगृहाच्या सुरुवातीच्या काळात ज्यांनी आपली मुले येथे आणून सोडली, त्या माता-पित्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आणि नंतर शब्दशः लिहून काढायच्या. ही माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतील बहुतेकांनी सहीपलीकडे काही लिहिलेले नाही. मुलाला शिकवायचे हे त्यांनी कसे ठरवले, त्यासाठी काय विकले, कोणाचा रोष पत्करला, हे कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाही. ते फक्त त्यांच्या तोंडून ऐकता येते, आणि तेही ती माणसे आहेत तोवरच.

मुद्रणयंत्र दोन-तीन शिक्षकांत मिळून एकच. त्यावरील मुद्रण आमच्या संगणकात उतरवले की ते पुसून पुढच्याच्या हाती द्यायचे, असा रिवाज. दर महिन्याच्या अखेरीस सर्व संग्रहाची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवायची, हाही आमचा नेम. संगणक गोठू लागला तो महिन्याच्या १९ तारखेस. त्या एकोणीस दिवसांत चौघांच्या मुलाखती झाल्या होत्या. दोन लिहून झाल्या होत्या, दोन व्हायच्या होत्या. न लिहिलेल्यांपैकी एक होती शेजारच्या गावातील एका आजींची. मुलाखतीनंतर दहाव्या दिवशी आजी गेल्या. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण काम करता करता दगडासारखे निश्चल होत होते.

तालुक्याच्या गावी एका दुकानात यंत्र दाखवले. त्यांनी ते दोन मिनिटे चालू ठेवले आणि सांगितले, "फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर नवीनच घ्या." फॉरमॅट म्हणजे आतील सर्व पुसून पाटी कोरी करणे. दुखणे कशाचे आहे, हे त्यांनी पाहिले नव्हते. उपाय मात्र तयार होता. आम्ही यंत्र उचलून घरी आणले.

त्या रात्री वसतिगृहाच्याच एका माजी विद्यार्थिनीला फोन केला. ती तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आता शहरात संगणकांचीच देखभाल करते. सगळे ऐकून ती म्हणाली, "सर, आधी प्रत काढा, मग आजार शोधा. आणि एक वही करा. केव्हा गोठला, किती वेळाने गोठला, तेव्हा काय चालू होते, सगळे लिहा. गोठला की कॅप्स लॉकची कळ दाबून बघा. दिवा लागतो-विझतो का, तेही लिहा."

वही करा, हे शिष्येने गुरूला सांगावे, याचा आम्हास आनंदच झाला. आम्ही आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलो : आधी साधने गोळा करा, निष्कर्ष नंतर काढा.

पाच दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा लक्षात आले की आपण ज्याला एक आजार समजत होतो ते दोन होते. दुपारी, यंत्र अर्धा-पाऊण तास चालल्यावर, सर्वच थांबे : बाण हलेना, कॅप्स लॉकचा दिवा बदलेना. सकाळच्या गारव्यात मात्र वेगळे घडे. बाण हले, दिवाही लागे-विझे, पण कोणतीही फाइल उघडेना, आणि पेटीतून बारीक कट्-कट् असा आवाज येई. प्रत काढण्याचा प्रयत्न या दोहोंच्या कचाट्यात सापडला होता. दोन मुलाखती पेनड्राइव्हवर उतरल्या. तिसरी उतरत असता दुपारचा झटका आला.

रविवारी ती विद्यार्थिनी स्वतः आली. प्रथम वीज तोडून पेटी उघडली. आत दहा वर्षांची धूळ होती. प्रोसेसरवरील पंख्याखाली जी धातूची जाळी असते, तिच्या फटी धुळीच्या नमद्याने बुजल्या होत्या. प्रोसेसर तापतो, ती उष्णता जाळी घेते आणि पंखा ती बाहेर टाकतो. वाटच बंद झाली की तापमान मर्यादेपलीकडे जाते आणि यंत्र थांबते किंवा बंद पडते. मऊ ब्रश आणि हवेच्या फुंकणीने तिने सर्व स्वच्छ केले. फुंकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण हवेच्या जोराने पंखा बेफाम फिरला तर त्याला इजा पोहोचते. प्रोसेसर आणि जाळी यांच्यामधील उष्णतावाहक लेप वाळून खडूसारखा झाला होता; तो पुसून नवा लावला. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसली आणि पुन्हा नीट बसवल्या.

पुढची शिस्त तिने आम्हास आवर्जून सांगितली : एका वेळी एकच बदल, मग तपासणी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. यंत्र तीन तास चालवले. दुपारचा झटका आला नाही. मेमरीची चाचणीही घेतली. ती निर्दोष निघाली. मात्र सकाळचा आजार तसाच होता.

मग तिने विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर उघडले. संगणक आपल्या घडामोडींची रोजनिशी ठेवतो, ती येथे वाचता येते. आम्हास त्यात इतिहासाचे दफ्तरच दिसले. तेथे ४१ क्रमांकाच्या नोंदी पुष्कळ होत्या. पण ती नोंद एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. ते का पडले, हे ती सांगत नाही. मृत्यूच्या नोंदवहीत मरणाची तारीख असावी आणि कारणाचा रकाना कोरा असावा, तसे. त्यांच्या आसपास ७ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या. त्या हार्ड डिस्कसंबंधी होत्या आणि डिस्कवरील काही भाग वाचता येत नाही, असे स्पष्ट सांगत होत्या. केबल सैल असण्याची शक्यता उरू नये म्हणून ती बदलून पाहिली. फरक पडला नाही. डिस्कचे आरोग्य दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनेही तोच निर्वाळा दिला.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेतात आणि त्यांच्यापासून केसाहूनही कमी अंतरावरून वाचनाचे टोक फिरते. तबकडीचा एखादा भाग खराब झाला की ते टोक तोच भाग वाचण्यासाठी पुनःपुन्हा धडपडते. तोवर बाकी सारे ताटकळते. आमचा कट्-कट् आवाज हा त्या धडपडीचा होता. अशा डिस्कवर दुरुस्तीचे किंवा डीफ्रॅगचे प्रोग्रॅम आधी चालवू नयेत. त्या श्रमात उरलेलेही जाऊ शकते. आधी काढता येईल ते काढावे, आणि सर्वांत मोलाचे सर्वांत आधी.

तिने पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, म्हणजे आजारी डिस्कवर काहीही न लिहिता ती केवळ वाचता यावी. आम्ही नाव घेतले ते आजींच्या मुलाखतीचे. एक्केचाळीस मिनिटांचे मुद्रण. ते मधेच अडले. डिस्क थंड होऊ दिली, पुन्हा प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत तेहतीस मिनिटे हाती आली. शेवटची आठ मिनिटे आली नाहीत. नंतर चौथी मुलाखत आणि बाकीचे सर्व सुखरूप निघाले.

त्या तेहतीस मिनिटांत आजी सांगतात की मुलाच्या पत्र्याच्या पेटीसाठी त्यांनी दोन शेळ्या विकल्या, आणि पेटी डोक्यावर घेऊन त्या एस.टी.च्या फाट्यापर्यंत चालत आल्या. मुलगा वसतिगृहाच्या दारात रडू लागला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले नाही. का पाहिले नाही, ते त्या पुढे सांगतात. पण ते त्या आठ मिनिटांत होते. आम्हास ते आठवते. आम्ही ते त्याच रात्री लिहून काढले आणि वर ठळक अक्षरांत नोंद केली की हा भाग मुद्रणातील नाही, स्मरणातील आहे. त्यांचे शब्द आणि आमचे स्मरण यांमधील ती रेघ आम्ही पुसणार नाही. पुढे कोणी हे वाचील, तेव्हा त्याला कोठवर आजी बोलतात आणि कोठून आम्ही बोलतो, हे कळले पाहिजे.

संगणकात आता नवी एसएसडी बसवली आहे. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे तेच दहा वर्षांचे यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने त्यावर लिनक्सच ठेवले. जे दुकानाने भंगारात काढले होते, ते यंत्र आजही रोज चार तास चालते.

बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा वेगळ्या जहाजाने पाठवलेला त्यांचा ग्रंथसंग्रह पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडाला. काळजी घेणाऱ्याचेही ग्रंथ बुडतात. म्हणूनच जाणकार तीन प्रती ठेवण्यास सांगतात : दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. आमच्या संग्रहाची एक प्रत आता वसतिगृहाच्या ग्रंथालयात असते, आणि महिन्याऐवजी आठवड्याला प्रत निघते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपले आई-वडील असतील तर येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. तुम्हाला येथे कसे आणून सोडले, ते त्यांना विचारा आणि मोबाइलवर मुद्रित करा. एक प्रत आपल्याकडे ठेवा, एक भावंडाकडे द्या, एक ग्रंथालयाकडे पाठवा. ती लिहून काढण्याचे काम आमच्याकडे. मुद्रण पाठवताना आई-वडिलांचे गाव आणि तुम्ही वसतिगृहात दाखल झाल्याचे वर्ष तेवढे अवश्य लिहा.