आडनाव आणि परतीची वाट

20 मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर अभिवादन केलं आणि पाठीवर सॅक टाकून आम्ही तिघे निघालो. गांधारपाले लेणी, मंडणगड तालुक्यातलं बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, दापोली, पन्हाळेकाजीची 29 लेणी, चिपळूण असं कधी एसटीने, कधी पायी फिरत सोळाव्या दिवशी भाट्येला पोहोचलो. रत्नागिरीतून काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन लागतं आणि त्यापुढे लांबच लांब किनारा. हा शेवटचा मुक्काम. पैसे संपत आले होते आणि घरी कल्याणला जयंतीच्या बैठका सुरू झाल्या होत्या.

खोली शोधायची होती, पण वाळूवरून कोणी उठेना. खोली म्हटलं की आडनाव आलं. आणि आडनावाचा एक हिशेब आमच्यावर बाकी होता.

दापोली-चिपळूणच्या मधलं एक गाव. आमच्यात दोघे कांबळे, एक जाधव. मुक्कामाच्या घरी विचारणा झाली तेव्हा आम्ही जाधवला पुढे केलं. "म्हणजे मराठेच ना?" आम्ही नुसते हसलो. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. स्वयंपाकघरात पाट मांडून आम्हाला जेवायला वाढलं. यजमान सहज म्हणाले, "ओढ्यापलीकडे बौद्धवाडी आहे, तिकडं काही बघण्यासारखं नाही." आम्ही भात कालवत राहिलो. सकाळी त्या वाडीच्या पाखाडीखालून, वर विहाराचा झेंडा दिसत असताना, मान खाली घालून निघून आलो.

शिबिरांत जातिअंतावर तासभर बोलणारे आम्ही. आमच्यातल्या एकाकडे समाजशास्त्राची एमए आहे. त्या दिवशी यातलं काहीच कामाला आलं नाही.

वाळूवर वाद झाला. एकजण म्हणाला, "बडोद्यात बाबासाहेबांनाही पारशी नाव घ्यावं लागलं होतं. मग आपलं काय चुकलं?" खरं आहे. 1917 साली परदेशात शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळत नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलंय. पण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. पाठीशी कायदा नव्हता. आमच्या पाठीशी संविधानाचं कलम 15(2) आहे. दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत जातीवरून मज्जाव करता येत नाही. आमच्या खिशात पुढच्या गावाच्या तिकिटाचे पैसे होते आणि आम्ही तिघे होतो.

एकटी मुलगी परक्या गावात रात्री आडनाव लपवत असेल, भाड्याची खोली मिळावी म्हणून कोणी विद्यार्थी लपवत असेल, तर त्याला भ्याड म्हणणारे आपण कोण? लाज विचारणाऱ्याला वाटायला हवी. पण आमची गोष्ट तशी नव्हती. आम्हाला जीवाची भीती नव्हती. आम्ही ताटाची सोय बघितली आणि त्यासाठी आपलीच वाडी ओलांडून गेलो. आडनाव लपवण्यापेक्षा हे वाईट होतं.

अंधार पडायच्या आत उठलो. ज्या घरी खोली मिळाली तिथल्या मावशींनी पाणी दिलं आणि विचारलंच, "आडनाव काय तुमचं?"

"कांबळे, कांबळे, जाधव. आम्ही बौद्ध."

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "मासे खाता ना?" एक चांगलं घर मिळालं म्हणून जात संपली, असं सांगायला आम्ही हे लिहीत नाही. त्या क्षणभराच्या थांबण्यात काय होतं, ते आम्हाला कळतं. पण रात्री झोप लागली.

खाडीपलीकडे रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 साली तो इथेच वारला. त्याला परत जाण्याची मुभा नव्हती. आम्हाला होती. म्हणून सकाळी थेट घरी न जाता आधी त्या गावी परतलो.

पाखाडी चढून विहारापाशी गेलो. एक म्हातारे बाबा पायरीवर बसले होते. आमच्याकडे बघत म्हणाले, "मागं तिघं सॅकवाले खालून गेले ते तुम्हीच ना? पोरं म्हणाली, आपल्यातले वाटतात. चहा ठेवायला सांगितला होता."

आम्ही सगळं सांगितलं, जाधवचं आणि ताटाचंही. ते रागावले नाहीत. घरात हाक मारून म्हणाले, "तीन चहा टाक गं." चहा घशाखाली उतरवणं जड गेलं.

दुसऱ्या दिवशी चिपळूणहून दिवा गाडी पकडली आणि रात्री घरी आलो. वस्तीतली पोरं फोटो बघायला जमली तेव्हा लेण्यांआधी त्यांना हीच गोष्ट सांगितली. मग बैठकीत एक ठराव मांडला. यंदा डीजेच्या खर्चातून पैसे वाचवायचे आणि पावसाळ्यानंतर पोरांना घेऊन महाड, आंबडवे, पन्हाळेकाजी करायचं. मुक्काम वाटेवरच्या बौद्धवाड्यांत, जेवणाचा खर्च त्या घरांना देऊन. ठरावावर भांडण झालं, अजून चालू आहे. पण पहिल्या मुक्कामाची वाडी ठरली आहे. तिथे एकदा चहा निवला आहे.

जय भीम!